साडेपाच तासांचा फरक

दोंडाईच्यात स्टेशन रोडला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान,
आठ बाय दहा,
शेजारी लोटन आप्पांचं मिरचीचं गोडाऊन.
जानेवारीपासून पुढे मी नाकाला ओढणी बांधून टाइप करते.
सीपीयूचं झाकण काढलं तर आत
पंख्याच्या पात्यांवर लाल साय.

त्याच सीपीयूतल्या एका डिस्कची मी वाटणी केली.
अलीकडे विंडोज, कुणाकडून कुणाकडे येत आलेली,
तिचा परवाना विचारू नका.
तिच्यात जुने मराठी फाँट,
पत्रिकांवरचे कलश, बचत गटांचे ठराव, सातबाऱ्याचे अर्ज.
पलीकडे लिनक्स.
शिरपूरच्या कॉलेजातला हर्षल पेनड्राइव्हवर घेऊन आला,
म्हणाला, ताई, फुकट आहे.
म्हटलं, फुकट तर इथे शिंकपण आहे.

एकसष्ट टक्क्यांवर लाईट गेली.
यूपीएस बोंबलायला लागला, त्याचा जीव चार मिनिटांचा.
विंडोज एका कुशीवर सरकवलेली,
लिनक्सने अजून अंग टेकलेलं नाही,
आणि मधे कुठेतरी माझी आठ वर्षांची लग्नसराई.
हर्षलचं तोंड पिठासारखं.
आप्पांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली,
पोत्यांवरून, दोघंही शिंकत.
आप्पा दारात येऊन उभे:
"काय वाटी ऱ्हायनात वं? वावर शे का?"
म्हटलं, "बांध टाकी ऱ्हायनूत, आप्पा."
त्यांनी मान हलवली. बांधाचं त्यांना कळतं.

आता रोज सकाळी
आधी काळा पडदा येतो, त्यावर दोन नावं,
आणि दहा सेकंद.
काही दाबलं नाही तर वरचं आपोआप सुरू होतं.
वर विंडोज आहे. गिऱ्हाईक तिचं आहे.

पहिल्या आठवड्यातच आप्पा पावती घेऊन परत आले.
सकाळी दहाला दिलेली,
वेळ छापलेली पहाटे साडेचार.
"तवय मी झोपेल व्हतू," म्हणाले.
रात्री लिनक्स घड्याळ दूरच्या कुठल्या गावाच्या वेळेला लावून झोपतं,
सकाळी विंडोज उठून तेच खरं धरते.
एका ओळीच्या आज्ञेने दुरुस्त झालं.
तरी एक पावती मी ठेवून दिली,
माझं दुकान पहाटे साडेचारला उघडं असल्याची.

रात्री शटर अर्धं खाली ओढून
मी पलीकडे जाते.
तिथे काय लिहिते ते सांगणार नाही.
तिथून मला अलीकडचं सगळं दिसतं,
पत्रिका, ठराव, नवरदेवाच्या बापाने
तीनदा बदलून घेतलेलं स्वतःचं नाव.
अलीकडून पलीकडचं काही दिसत नाही.
विंडोजला तिथे फक्त एक ओळखू न येणारी जागा दिसते,
आणि ती अगदी नम्रपणे विचारते:
ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची?

तिसरीत आम्हाला जोगळेकर बाई होत्या.
त्यांचं आम्हाला सगळं कळायचं.
मी पाटीवर "घर शे" लिहिलं
तर त्यांनी ओल्या फडक्याने "शे" पुसलं,
घर राहू दिलं,
माझ्या हातात खडू दिला.
बाई वाईट नव्हत्या.

मागच्या सोमवारी विंडोजचं अपडेट आलं,
न विचारता, पाऊण तास.
नंतर काळा पडदाच आला नाही. दोन नावं नाहीत.
थेट निळं, थेट अलीकडचं.
हर्षल आता पुण्यात नोकरीला. फोनवर म्हणाला,
ताई, आत सगळं जागेवर आहे, नुसतं दार बुजवलंय.
रबरी शिक्क्यांच्या खणातून पेनड्राइव्ह काढला,
त्याच्यावरही मिरची.
वीस मिनिटं लागली, एकटीला.

हात लावलाच होता तेव्हा
दहाचे तीस सेकंद करून टाकले.

आज सकाळी अर्ज घेऊन आलेला माणूस
त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला.
"मॅडम, मशीन बंद पडलं का?"
म्हटलं, "नई, बठा."